मिस्टर थॉर्नबींचा हरवलेला खर्ज

आपल्या मंडळाच्या या अंकाच्या संपादकांनी लेख मागताना एकच अट घातली: तू नक्की काय काम करतेस, ते एकदा सगळ्यांना कळू दे. अट रास्त आहे. सिंगापुरातल्या आपल्या मंडळींत बँकेत जाणाऱ्याला, रोज सकाळी कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडवरचे रासायनिक कारखाने गाठणाऱ्याला किंवा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. मी मात्र सिग्नल प्रोसेसिंगमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेऊन जुने आवाज स्वच्छ करते, असे सांगितले की समोरच्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती उमटते. पुण्याच्या माझ्या मावशीने तर, 'म्हणजे अजून कायमची नोकरी लागली नाही का,' असे आईला हळूच विचारले होते.

काम असे आहे. जुन्या कॅसेटी, टेपा आणि चित्रपटांच्या ध्वनिपट्ट्या आमच्याकडे येतात. त्यांवरचा आवाज प्रथम जसाच्या तसा संगणकात उतरवायचा. मग त्यातला मूळ ध्वनी कोणता आणि काळाने, यंत्राने, दमट हवेने घातलेली भर कोणती, हे ठरवून ती भर काढून टाकायची. पहिला भाग कारागिरीचा आहे, दुसरा गणिताचा. तांजोंग पगारमधल्या एका शॉपहाऊसच्या, म्हणजे खाली दुकान असलेल्या जुन्या घराच्या, वरच्या मजल्यावर आमची छोटी प्रयोगशाळा होती आणि तिथे पहिला भाग केल्विन करत असे. केल्विन पंचावन्न वर्षांचा, जन्माने सिंगापुरी, हातांत सदैव पांढरे सुती मोजे घालणारा. त्याचा संगणकावर विश्वास नव्हता. माझा तेव्हा संगणकाखेरीज दुसऱ्या कशावरही नव्हता.

ग्राहक नाना प्रकारचे येत. आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असलेले बँकेतले देशमुख काका त्यांच्या लग्नाची कॅसेट घेऊन आले होते. मंगलाष्टके, वाजंत्री, सनई आणि या सगळ्यावर मात करणारा त्यांच्या आत्याचा सूचना देणारा आवाज. काकांनी खाजगीत विचारले, "अगं, आत्याचा आवाज जरा कमी होईल का? घरात कुणाला कधी जमलं नाही, तुझ्या मशीनला जमलं तर बघ." जमले. आठवड्याने काका परत आले आणि थोडे ओशाळून म्हणाले की आत्याला पुन्हा होती तिथे ठेव. ती नसली की ते लग्न दुसऱ्याच कुणाचे वाटते. आम्ही मूळ प्रत कधीच पुसत नसल्यामुळे आत्या पाच मिनिटांत परतल्या. या प्रसंगातून मी काही शिकले असते, तर पुढचा लेख लिहावा लागला नसता.

२०१४ च्या सुमारास बुकित तिमाहच्या एका कॉन्डोमधून हेलन नावाच्या बाईंचा फोन आला. त्या तिथल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत शिकवत. त्यांचे वडील, मिस्टर थॉर्नबी, पत्नीच्या निधनानंतर इंग्लंडहून कायमचे त्यांच्याकडे राहायला आले होते आणि येताना सामानात बिस्किटांचे सहा मोठे पत्र्याचे डबे घेऊन आले होते. काही महिन्यांनी कोठीच्या खोलीत काहीतरी आंबल्याचा वास येऊ लागला. हेलननी लोणच्यापासून सांडपाण्याच्या नळापर्यंत सगळे तपासले. वास त्या डब्यांतून येत होता. आमच्या धंद्यात हा वास प्रत्येकाला ओळखता येतो. जुनी फिल्म विघटित होऊ लागली की ती व्हिनेगरसारखी वास मारते, आकसते, वाकते आणि शेवटी तुकडे होऊन हातात येते. सिंगापूरची हवा या क्रियेला मनापासून मदत करते.

डब्यांत चित्रपटाच्या फिल्मएवढ्याच रुंदीची, कडेला भोके असलेली, पण चित्राऐवजी चुंबकीय लेप दिलेली ध्वनिपट्टी होती. तिच्यावर साठच्या दशकातल्या एका ब्रिटिश भयपटाचे पार्श्वसंगीत होते आणि ते मिस्टर थॉर्नबी यांनी लिहिले होते.

त्या काळी ब्रिटनमध्ये भयपटांची लाट होती. चित्रपट काही आठवड्यांत उरकायचा, नेपथ्य मागच्या चित्रपटाचेच रंग बदलून वापरायचे आणि संगीतकाराच्या हातात एक तक्ता द्यायचा: दार उघडते, बारा सेकंद; मेणबत्ती विझते, एकोणीस सेकंद; किंकाळी. स्टॉपवॉच लावून तेवढ्या सेकंदांचे संगीत लिहायचे, एका दिवसात वाद्यवृंदाकडून वाजवून घ्यायचे. हे काम करणाऱ्यांत बरेच जण एरवी मैफिलीचे गंभीर संगीत लिहिणारे होते. ज्या अनोळखी, खरखरीत स्वररचना ऐकून सभागृहातले लोक उठून जात, त्याच तळघराच्या प्रसंगाखाली घातल्या की लोक खुर्चीचे हात घट्ट धरून ऐकत. तरीही संगीतकारांच्या वर्तुळात या कामाला प्रतिष्ठा नव्हती. मिस्टर थॉर्नबींनी आपल्या परिचयपत्रात त्याचा उल्लेख चाळीस वर्षे टाळला होता.

पहिल्या भेटीत मी त्यांना, असल्या चित्रपटासाठी इतके अवघड संगीत का लिहिले, असे सरळ विचारले. ते ऐंशीच्या पुढचे, सडपातळ, बोलताना डावा कान किंचित पुढे करणारे गृहस्थ होते.

"राक्षस पुठ्ठ्याचा होता," ते म्हणाले. "धुकं कोरड्या बर्फाचं. खरं असं त्यात काहीच नव्हतं. मग निदान संगीताने तरी खोटं बोलू नये, असं मला वाटलं."

त्यांना घाई होती आणि घाईचे कारण त्यांनी लपवले नाही. इथल्या एका विद्यार्थी वाद्यवृंदाची तरुण संचालिका वेई लिंग हिला ते संगीत आपल्या वार्षिक कार्यक्रमात वाजवायचे होते. पण वाजवायला कागद हवा, आणि स्वरलिपीचे कागद चित्रपट पूर्ण झाल्यावर स्टुडिओने टाकून दिले होते. एका संकलक मित्राने वाचवलेली ही ध्वनिपट्टी एवढाच त्या संगीताचा पुरावा उरला होता. ती ऐकून मिस्टर थॉर्नबी सगळे पुन्हा कागदावर उतरवणार होते. पन्नास वर्षांपूर्वी लिहिलेले प्रत्येक वाद्याचे प्रत्येक वळण आठवणे शक्य नव्हते. ऐकणे आवश्यक होते. त्यांचा उजवा कान निकामी झाला होता. डाव्याबद्दल डॉक्टर आश्वासन देत नव्हते. "कान पुरेल तोवर लिहायचं," असे ते म्हणाले, जणू शाईबद्दल बोलत आहेत.

केल्विनने पट्टी तीन दिवस निरखली आणि आपल्या सिंगापुरी इंग्रजीत निकाल दिला: "वन टाइम ओन्ली. सेकंड टाइम, गॉन लाह." ती इतकी आकसली होती की यंत्राच्या दातांवर जेमतेम बसत होती. तो सहाही डबे एकेकदा वाजवत गेला, मी शेजारी श्वास रोखून बसले. चौथ्या डब्याच्या शेवटी कड तडकू लागली, पण तोवर त्या डब्यातले संगीत संपले होते. एकमेव कच्ची प्रत माझ्या संगणकात आली आणि मी कामाला लागले.

मला त्या कामाचा फार अभिमान होता, हे इथे नोंदवले पाहिजे. मी महत्त्वाकांक्षी आहे. ते लपवण्यात मला अर्थ वाटत नाही. मी स्वतः लिहिलेला प्रोग्राम या प्रकल्पावर सिद्ध करून त्यावर शोधनिबंध लिहायचा माझा बेत होता. फिल्मवर खरखर होती, टचटच होती आणि सगळ्याखाली एक 'हम' होता. हम म्हणजे विजेच्या तारांतून ध्वनिमुद्रणात शिरणारा घूं असा अखंड आवाज. ब्रिटनमधली वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, म्हणून तिथला हम पन्नासच्या वारंवारतेवर असतो. वारंवारता दाखवणाऱ्या माझ्या आलेखावर त्या जागी जाड, किंचित कापणारी रेघ दिसत होती. जुना पुरवठा अस्थिर असणार, म्हणून रेघ जाड झाली असणार, असे मी गृहीत धरले. गाळणीही, म्हणजे प्रोग्राममधला फिल्टर, त्या बेताने रुंद ठेवली आणि सहाही डब्यांना लावली. आवाज इतका स्वच्छ झाला की क्लॅरिनेटवाला कुठे श्वास घेतो तेही ऐकू येऊ लागले.

मिस्टर थॉर्नबींनी पत्र पाठवून, क्लॅरिनेटवाल्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो म्हणून कौतुक केले. ते रोज सकाळी कानावर हेडफोन लावून बसत आणि पानामागून पान लिहीत. मग हेलनचा ईमेल आला. बाबा चौथ्या डब्यावर, तळघराच्या प्रसंगावर अडले आहेत. तिथे खाली ऑर्गनचा, पायाने वाजवायचा एक दीर्घ खर्ज स्वर होता असे त्यांना आठवते. तो फाइलमध्ये आहे का?

मी आलेख पाहिला. स्वर नव्हता. मी आदराने, आलेख जोडून कळवले की ध्वनिमुद्रणात असा स्वर आढळत नाही. कदाचित लिहिला असेल पण वाजवला गेला नसेल. तरीही साध्या हेडफोनमधून खर्ज नीट येत नाही म्हणून मी आमच्याकडचे सर्वांत उत्तम हेडफोन कुरियरने पाठवून दिले. आज हे आठवले की कानशिले तापतात. एक एक शक्यता शास्त्रीय पद्धतीने बाद करून मी त्या माणसापुढे एकच निष्कर्ष शिल्लक ठेवला होता.

तीन आठवड्यांनी हेलनचा फोन आला. बाबांनी पेन्सिली डब्यात भरून ठेवल्या आहेत, त्यांनी सांगितले. वेई लिंगला क्षमापत्र लिहिले आहे. त्यांचे म्हणणे असे की तो स्वर सगळ्या संगीताचा पाया होता. तो वाजलेला त्यांना पक्का आठवतो; छातीत जाणवला होता. आता उत्तम हेडफोनमधूनही तो येत नाही, म्हणजे डावा कानही गेला. जो कान स्वतःचा पाया ऐकू शकत नाही, त्याच्या भरवशावर दुसऱ्यांना वाजवायला कागद द्यायचा नाही, असे त्यांनी ठरवले आहे. हेलन रागावल्या नव्हत्या. उलट त्यांनी माझे आभार मानले, आणि तेच ऐकवेना.

दुपारी हॉकर सेंटरमध्ये जेवताना मी हे केल्विनला सांगितले. वयापुढे इलाज नाही, अशा अर्थाचे काहीतरी बोलले. केल्विनने नूडल्स खाली ठेवले.

"माझी आई एक्क्याण्णव वर्षांची आहे," तो म्हणाला. "फोनची रिंग ऐकू येत नाही, नातीचं बोलणं ऐकू येत नाही. पण खाली लॉरी उभी राहिली की रोज मलाच शिव्या घालते, वरती सगळं हलतंय म्हणून. म्हाताऱ्या माणसाचं वरचं आधी जातं. तुझ्या अंकलचं खालचं कसं गेलं?"

उत्तर मला पहिल्या वर्षापासून पाठ होते. वयाने येणारा बहिरेपणा साधारणपणे तार स्वरांपासून सुरू होतो; खर्ज शेवटपर्यंत टिकतो. मिस्टर थॉर्नबींना क्लॅरिनेटचा श्वास ऐकू येत होता आणि खर्ज येत नव्हता. म्हणजे माझ्यापुढे महिनाभर असलेली माहिती माझ्या निष्कर्षाच्या थेट विरुद्ध होती. मी ती पाहिली नाही, कारण दोषी ठरवायला एक म्हातारा कान आयता उपलब्ध होता.

प्रयोगशाळेत परतून मी कच्ची प्रत उघडली. चौथ्या डब्याच्या सुरुवातीला, संगीत सुरू होण्यापूर्वी, काही सेकंद शांतता आहे. कोणीतरी खोकतो, खुर्ची सरकते. तिथे पन्नासवर एक रेघ होती, बारीक आणि स्थिर. पुरवठा मुळीच अस्थिर नव्हता. मग संगीत सुरू होते आणि त्या रेघेशेजारी, एकोणपन्नासवर, दुसरी रेघ उगवते. मी आलेख पुरेसा बारीक केला नव्हता म्हणून या दोन्ही मला एक जाड, कापणारी रेघ वाटल्या होत्या. एकोणपन्नास म्हणजे पाश्चात्त्य सप्तकातला 'जी', पियानोवरचा सर्वांत खालचा. ऑर्गनचा खर्ज. मी त्यांचा पाया कचरा समजून उपसून टाकला होता, आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतांवर उमटणारा अंशही शोधून शोधून काढला होता. प्रोग्राम अचूक चालला होता.

फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. मी लॅपटॉप आणि एक जड स्पीकर घेऊन टॅक्सीने बुकित तिमाहला गेले. दार हेलननी उघडले. मिस्टर थॉर्नबी गॅलरीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. त्यांनी सौजन्याने चहा विचारला. वाक्य मी टॅक्सीत तयार करून ठेवले होते. ते तसेच म्हटले: "तुमचा कान बरोबर आहे. चूक माझी आहे. तो स्वर पट्टीवर होता आणि मी काढून टाकला."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून सांगत असाल, तर नका सांगू. तुम्ही शास्त्र शिकलेल्या आहात."

मी स्पीकर जमिनीवर ठेवला आणि कच्ची प्रत लावली. खरखर, टचटच, खोकला, खुर्ची. मग तळघर. ज्यांनी तंबोरा लावताना ऐकले आहे त्यांना हे चटकन समजेल: दोन तारा अगदी जवळ आल्या, पण पुरत्या जुळल्या नाहीत, की स्वर हेलकावे घेतो. इथे दोन स्वरांत सेकंदाला एकाच आवर्तनाचा फरक होता, म्हणून खर्ज सेकंदाला एकदा फुगत आणि ओसरत होता. जमिनीखाली काहीतरी श्वास घेत असल्यासारखा. मी हे संगीत दोन महिने ऐकले होते आणि मला त्याची भीती कधी वाटली नव्हती. त्या वेळी, दिवसाच्या लख्ख उजेडात, माझ्या हातांवर काटा आला.

मिस्टर थॉर्नबींचा डावा पाय सपातेतून बाहेर आला होता आणि फरशीवर, तिथे नसलेल्या ऑर्गनची पट्टी दाबून धरत होता.

"आहे," ते म्हणाले. हेलन आत निघून गेल्या.

मग त्यांनी मला ती हकिगत सांगितली. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी स्टुडिओतला हम काही केल्या जाईना. वीजतंत्री दोनदा येऊन गेला, संगीत संचालक संतापला. मिस्टर थॉर्नबींनी पियानोवर तो कुठे बसतो ते पाहिले. 'जी'च्या किंचित वर. तळघराचा प्रसंग त्यांनी दुसऱ्या स्वरात लिहिला होता. जेवणाच्या सुटीत त्यांनी सगळ्या वादकांचे कागद बदलून तो 'जी'वर आणला, हमच्या अगदी कुशीत.

"त्याला घालवता येईना, म्हणून वाद्यवृंदात घेतला," ते म्हणाले. "दिवसभरात न चुकलेला तो एकटाच."

मी हम पुन्हा घालून देते, पण फक्त तळघरापुरता ठेवते, असे सुचवले. ते म्हणाले, वादक मधूनच उठून जात नाही. पहिल्यापासून बसू द्या. मी तशी फाइल तयार केली. खरखर काढली, हम ठेवला. माझ्या शोधनिबंधासाठी तो निकाल निरुपयोगी होता. निबंध मी पुढे लिहिला, निराळ्या विषयावर: यंत्र कोणत्या गोष्टीला कचरा म्हणते आणि ते ठरवण्यापूर्वी कोणाला विचारावे. माझ्या आजवरच्या लेखनात लोकांनी सर्वांत जास्त वाचलेला तोच आहे. पण ते तीन आठवडे मला परत करता आले नाहीत. मिस्टर थॉर्नबींनी एकदा सहज सांगितले की त्या काळात ते रोज सकाळी न्याहारीच्या टेबलावर चमचा वाजवून पाहत, आज किती ऐकू येते म्हणून. त्यांनी तक्रार म्हणून सांगितले नव्हते.

वेई लिंगने क्षमापत्र परत पाठवले आणि तारीख पुढे ढकलली. पेन्सिली बाहेर आल्या. एक अडचण मात्र नवी होती: सभागृहात ऑर्गन नव्हता, आणि विजेचा हम कार्यक्रमाच्या दिवशी वेळेवर हजर होईल याची खात्री देता येत नव्हती. मिस्टर थॉर्नबींनी चार डबल बास, म्हणजे माणसाहून उंच असे सर्वांत खर्जातले तंतुवाद्य, घेऊन त्यांच्या दोन जोड्या केल्या. एका जोडीने खरा 'जी' धरायचा. दुसरीने किती चढवायचा हे मी गणित करून दिले: अर्ध्या स्वराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा. त्यांनी दुसऱ्या जोडीच्या ओळीवर इटालियन संज्ञेऐवजी सरळ 'वीज' असे लिहिले.

तालमीला मी आणि केल्विन दोघेही गेलो. केल्विन मोजे घालून आला नव्हता, त्यामुळे प्रथम ओळखूच आला नाही. दुसऱ्या जोडीतला एक चष्मेवाला विद्यार्थी उठून उभा राहिला आणि नम्रपणे म्हणाला, "सर, आठ वर्षं माझे टीचर मला बेसूर वाजवू नको म्हणून ओरडतायत."

"त्यांचं बरोबर आहे," मिस्टर थॉर्नबी म्हणाले. "माझ्यासाठी फक्त चार मिनिटं ओरडणं विसरा."

सगळे हसले. वेई लिंगने हात उचलला. पहिल्या जोडीने स्वर धरला, मग दुसरीने. थोडे चाचपडणे झाले आणि एकाएकी तो खर्ज फुगू-ओसरू लागला. लाकडी मंचावरून माझ्या खुर्चीच्या पायांत शिरला. वर व्हायोलिनी आल्या, मग क्लॅरिनेट, मग सगळेच. पन्नास वर्षांत ते संगीत माणसांनी वाजवले नव्हते. हेलन माझ्या शेजारी होत्या. त्या मंचाकडे पाहत नव्हत्या, वडिलांकडे पाहत होत्या. ते पहिल्या रांगेत, डावा कान पुढे करून, मांडीवर कागदांचा गठ्ठा घेऊन बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हते.

दुसऱ्या मिनिटाला त्यांनी हात वर केला. वेई लिंगने वाद्यवृंद थांबवला. हेलननी माझे मनगट पकडले.

मिस्टर थॉर्नबींनी पान उलटून पाहिले, पेन्सिलीने एका जागी टिंब केले आणि मान वर केली.

"व्हायोला, मागच्या रांगेतल्या," ते म्हणाले. "तिथे एफ शार्प आहे. तुमच्यापैकी कुणीतरी साधा एफ वाजवतंय."

मागच्या रांगेतल्या एका मुलीने त्या अर्ध्या स्वराच्या चुकीवर जीभ चावली आणि आपल्या कागदावर खूण केली. वेई लिंगने पुन्हा हात उचलला.